खिशातल्या टॉर्चचा उजेड घरच्या घरी कसा वाढवायचा

कागल तालुक्यात आमच्या काकांचा ऊस आहे. शेतीपंपाची लाईट कधी दिवसाची असते, कधी रात्रीची. रात्रीची पाळी आली की बारा-एकच्या सुमाराला बांधावरून चालत जाऊन मोटर चालू करायची आणि सरी-सरीनं पाणी फिरवत राहायचं. पाचट पसरलेल्या सरीत घोणस बसलेली असेल तर ती पाचटासारखीच दिसते. मण्यार तर रात्रीच बाहेर पडते. अशा वेळी हातातला उजेड पायाखालचं नीट दाखवतो की नाही, हा जिवाचा प्रश्न असतो.

काकांकडे एका पेन्सिल सेलवर चालणारी छोटी टॉर्च होती. ॲल्युमिनियमची, पुढचं डोकं सरकवून फोकस बदलणारी, बाजारात दोन-तीनशे रुपयांना मिळते तसली. ती मंद झाली म्हणून त्यांनी माझ्याकडे दिली. तिच्यावर काम करताना एक गोष्ट पक्की समजली आणि पुढच्या प्रत्येक टॉर्चमध्ये ती खरी ठरली. उजेड कमी पडतो तो बहुतेक वेळा एलईडी कमजोर असते म्हणून नव्हे. सेलपासून एलईडीपर्यंत येताना वीज वाटेत अडते, आणि एलईडीत तयार झालेली उष्णता बाहेर जाताना अडते. या दोन वाटा मोकळ्या केल्या की जुनीच टॉर्च ओळखू येत नाही. वाटा तशाच ठेवून नुसती भारी एलईडी बसवली तर पैसे जातात आणि एलईडीही जाते.

आमच्याकडे टॉर्चलाच ‘बॅटरी’ म्हणतात, त्यामुळे घोळ होतो. या लेखात टॉर्च म्हणजे टॉर्च आणि आत घालायचा तो सेल.

कोणती टॉर्च उघडायची

ॲल्युमिनियमची बॉडी, आट्यांवर उघडणारं डोकं, आट्यांवर उघडणारी शेपटी आणि एकच मोठी एलईडी, अशी टॉर्च असेल तर मेहनत वाया जात नाही. प्लास्टिकच्या बॉडीत उष्णतेला बाहेर पडायला जागाच नसते. तिथं संपर्काच्या जागा साफ करा, चांगला सेल घाला आणि थांबा. नऊ छोट्या एलईडींचा गुच्छ असलेली टॉर्चही सोडून द्या. त्यातली एकेक एलईडी साधारण 20 मिलिअँपिअरसाठी बनवलेली असते, म्हणजे सगळ्या मिळून 180. जास्त करंट दिला तर थोडे दिवस उजळते आणि मग निळसर पडून मरते. आतच चार्जिंगची सोय असलेली, चिकटवून बंद केलेली टॉर्च फोडायला गेलात तर पाणी आत जाण्याची वाट तुम्हीच कराल.

आधी मोजायचं, मग हात लावायचा

डोळ्यांवर विसंबू नका. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना उजेडातला वीस-तीस टक्क्यांचा फरक कळतही नाही. म्हणून सुरुवातीचं रीडिंग लिहून ठेवायचं. अँड्रॉइड फोनच्या वरच्या कडेला, पुढच्या कॅमेऱ्याजवळ उजेड मोजणारा सेन्सर असतो. लक्स, म्हणजे उजेडाचं माप, दाखवणारं एखादं मोफत ॲप घेतलं की काम होतं. फोनचा आकडा प्रयोगशाळेइतका अचूक नसतो, पण आपल्याला ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांचीच तुलना करायची आहे.

रीडिंग दोन प्रकारची घ्या. रात्री खोलीतले सगळे दिवे बंद करून टॉर्च जमिनीवर उभी ठेवा, उजेड छताकडे. फोन तिच्यापासून एक मीटरवर जमिनीवर आडवा, स्क्रीन वर. छतावरून परतणारा हा उजेड म्हणजे टॉर्चमधून निघणाऱ्या एकूण उजेडाचा अंदाज. मग टॉर्च एक मीटरवरून थेट सेन्सरवर धरा. हा झोताच्या मध्याचा जोर, म्हणजे टॉर्च किती लांब पोचेल त्याचा अंदाज. दोन्हीत गल्लत करू नका. फोकस आवळला की दुसरा आकडा भसकन वाढतो, पण एकूण उजेड उलट घटतो, कारण बराचसा नळीच्या आतल्या भिंतीवर आपटून तिथंच राहतो. दर वेळी फोकस एकाच जागी ठेवायचा आणि टॉर्च लावल्यावर तीस सेकंदांनी आकडा घ्यायचा. लांबीच्या बाबतीत एक गणित कायम लक्षात ठेवा: झोत दुप्पट अंतरावर तितकाच लख्ख हवा असेल तर मध्याचा जोर चौपट लागतो.

थेट रीडिंग घेताना कुणीही टॉर्चमध्ये डोकावायचं नाही. लहान मुलं जवळ असतील तर हे काम ती झोपल्यावर करा.

वीज कुठं अडते ते शोधणं

विजेची वाट अशी आहे: सेलचं वरचं टोक, ड्रायव्हर म्हणजे डोक्यातलं छोटं सर्किट, एलईडी, परत ड्रायव्हर, मग टॉर्चची बॉडी, शेपटीचे आटे, स्विच, स्प्रिंग आणि सेलची खालची बाजू. म्हणजे टॉर्चची नळी हीच एक वायर आहे. ॲल्युमिनियमवरचा काळा थर वीज वाहून नेत नाही. वीज जाते ती नळीच्या कडेच्या उघड्या, पांढऱ्या कडीतून. आणि नेमकी तीच कडी घाम, धूळ आणि पावसाळी दमटपणानं मळते.

एक साधी चाचणी आहे, तिला मीटरही लागत नाही. शेपटीचं झाकण काढा. सेल आतच राहू द्या. जाड तांब्याच्या वायरचं एक टोक सेलच्या खालच्या बाजूवर आणि दुसरं नळीच्या उघड्या कडेवर दाबा. टॉर्च लागेल, कारण तुम्ही स्विच ओलांडून गेलात. आता डोळ्यांत भरण्याइतका जास्त उजेड पडला तर दोष शेपटीत आहे: आटे, स्विच किंवा स्प्रिंग. काकांच्या टॉर्चमध्ये हेच झालं. झाकण लावलं की भिंतीवर पिवळट डाग, वायर टेकवली की पांढरा. एलईडीला हात न लावताच निम्मा आजार सापडला.

मल्टिमीटर असेल तर वायरऐवजी त्याच्याच दोन पिना त्याच दोन जागी लावून करंट मोजा. लाल पिन 10 अँपिअरच्या भोकात घालायला विसरू नका. छोट्या भोकात घातली तर मीटरचा फ्यूज जाईल. मीटरच्या बारीक वायरींचा स्वतःचा अडथळा असतो, त्यामुळे खरा करंट दिसतो त्यापेक्षा थोडा जास्तच असतो.

आता साफसफाई. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन नळीच्या दोन्ही कडा, आटे, स्प्रिंगची टोकं आणि ड्रायव्हरवरचा मधला ठिपका पुसा. कडा काळवंडल्या असतील तर 800 नंबरचा पॉलिश पेपर काचेच्या तुकड्यावर ठेवून कडा त्यावर हलक्या हातानं फिरवा. घासायची ती फक्त उघडी कडी, बाजूचे आटे नाहीत. अल्कलाईन सेल आत पाझरून पांढरी बुरशी आल्यासारखं दिसत असेल तर ते अल्कधर्मी असतं. लिंबाचा रस काडीवर घेऊन लावा, फसफसणं थांबलं की पाण्याच्या बोळ्यानं पुसा, पूर्ण वाळवा आणि मग अल्कोहोल. शेपटीच्या आत एक आटे असलेली कडी स्विचला दाबून ठेवते. ती सैल झाली की उजेड थरथरतो. तिच्या दोन खाचांत सर्क्लिप पक्कडीची टोकं घालून ती आवळा. शेवटी आट्यांना सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. उघड्या कडीवर ग्रीस राहू देऊ नका.

एवढं झाल्यावर पुन्हा मोजा. बऱ्याच जणांचं काम इथंच संपतं.

सेल: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोठा फरक

पांढऱ्या एलईडीला चालायला साधारण 3 व्होल्ट लागतात. पेन्सिल सेल देतो 1.5. म्हणून एका सेलच्या टॉर्चमधला ड्रायव्हर व्होल्टेज चढवून देतो आणि त्याची किंमत करंटमध्ये वसूल करतो. हिशोब करून बघा. एलईडीला 3 व्होल्टवर 300 मिलिअँपिअर हवेत, म्हणजे 0.9 वॉट. ड्रायव्हर 80 टक्के कार्यक्षम धरला तर सेलमधून 1.1 वॉटपेक्षा थोडं जास्त निघायला हवं. सेलचं व्होल्टेज 1.2 धरलं तर करंट होतो जवळजवळ 1 अँपिअर. घड्याळात आणि रिमोटमध्ये घालतात तो साधा झिंक-कार्बन सेल एवढं ओझं पेलू शकत नाही. त्याचं व्होल्टेज लगेच बसतं, ड्रायव्हर आणखी करंट ओढतो, व्होल्टेज आणखी बसतं. दोष टॉर्चला लागतो, पण दमलेला असतो सेल.

यावरचा उपाय म्हणजे रिचार्जेबल निकेल-मेटल-हायड्राइड सेल. त्याच्यावर 1.2 व्होल्ट लिहिलेलं बघून लोक ‘हा कमी पॉवरचा’ म्हणून बाजूला ठेवतात, आणि ही चूक फार सर्रास होते. झिंक-कार्बनचे 1.5 व्होल्ट ओझ्याखाली टिकत नाहीत, याचे 1.2 टिकतात. 2000 मिलिअँपिअर-तासाचा सेल 1 अँपिअरनं सुमारे दोन तास चालतो आणि जवळजवळ शेवटपर्यंत एकसारखा उजेड देतो. ठेवून दिला तरी चार्ज धरून राहणारा प्रकार घ्या. पाकिटावर ‘रेडी टू यूज’ किंवा ‘प्री-चार्ज्ड’ असं लिहिलेलं असतं.

दुसरा पर्याय 14500 नावाचा लिथियम-आयन सेल. नावातच माप आहे: 14 मिलिमीटर जाड, 50 मिलिमीटर लांब, म्हणजे पेन्सिल सेलच्याच अंगाचा. पण याचं व्होल्टेज 3.7, आणि पूर्ण चार्ज झाल्यावर 4.2. टॉर्चवर किंवा तिच्या खोक्यावर ‘3.7 व्होल्ट’ किंवा ‘4.2 व्होल्टपर्यंत’ असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच तो घाला. व्होल्टेज चढवणाऱ्या साध्या ड्रायव्हरला आधीच एलईडीपेक्षा जास्त व्होल्टेज मिळालं की त्याचा ताबा सुटतो. करंट कॉइल आणि डायोडमधून सरळ एलईडीत शिरतो. उजेड भिंत फाडेल असा पडतो आणि दोन मिनिटांत डोकं हातात धरवत नाही. सेलही लहानच आहे, साधारण 750 मिलिअँपिअर-तासाचा, म्हणजे दीड अँपिअरला अर्धा तास.

माझं स्पष्ट मत सांगतो. घरात लहान मुलं असतील, टॉर्च चार हातांत फिरत असेल, तर 14500 आणू नका. तो पेन्सिल सेलसारखा दिसतो म्हणून कुणीतरी रिमोटमध्ये किंवा खेळण्यात घालतं. दोन सेलच्या जागी असे दोन गेले की 3 व्होल्टच्या वस्तूला 8.4 व्होल्ट मिळतात. काकांच्या घरात नातवंडं आहेत, म्हणून त्यांच्या टॉर्चमध्ये मी निकेलचाच सेल ठेवला. तुम्ही लिथियम वापरणार असाल तर आतमध्ये संरक्षण-सर्किट असलेला घ्या आणि त्याला लाल टेपचा वेढा द्या.

स्प्रिंगला तांब्याची जोडवाट

शेपटीतली स्प्रिंग पोलादाची असते, वर नुसता मुलामा. पोलाद विजेला तांब्यापेक्षा कितीतरी जास्त अडवतं, आणि स्प्रिंग उलगडली तर ती लांब, बारीक तार आहे. समजा तिचा अडथळा 0.1 ओहम आहे. 1 अँपिअरला 0.1 व्होल्ट तिथंच जिरले. 1.2 व्होल्टच्या सेलमधले हे 8 टक्के झाले.

लवचीक, बारीक तारांची सिलिकॉन आवरणाची 22 गेजची वायर घ्या, किंवा सोल्डर शोषून घ्यायची तांब्याची पट्टी मिळते तिचा तुकडा. लांबी स्प्रिंग मोकळी असताना असते त्यापेक्षा चार-पाच मिलिमीटर जास्त, म्हणजे दबल्यावर वायर आत वळेल आणि सुटल्यावर ताणली जाणार नाही. स्प्रिंगचं टोक आणि बूड दोन्ही ठिकाणी पॉलिश पेपरनं घासून घ्या, राळेचा फ्लक्स लावा, आधी स्प्रिंगवर सोल्डरचा पातळ थर चढवा, वायरच्या टोकांवर चढवा आणि मग जोडा. हुपरीच्या चांदीकामात डाक लावताना टाकणखार वापरतात. तो इथं चालत नाही, कारण त्याला वितळायला आपल्या सोल्डरच्या कितीतरी पट उष्णता लागते. 60/40 चं, म्हणजे कथील-शिशाचं, सोल्डर 190 अंशांच्या आत वितळतं. गरम टोक स्प्रिंगवर दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त ठेवू नका. स्प्रिंगचा ताठरपणा गेला तर ती सेलला दाबणार नाही आणि चालताना टॉर्च विझत राहील. वायर स्प्रिंगच्या पोटातून न्यायची, बाहेरून नाही, नाही तर ती नळीला घासून तुटते.

जोडल्यावर सेल घालून, झाकण लावून हलवून बघा. मग मघाची वायरची चाचणी पुन्हा करा. आता झाकणाचा उजेड आणि वायरचा उजेड सारखा दिसला पाहिजे.

डोकं उघडून एलईडी बदलणं

इथपर्यंत सगळं परत पूर्ववत करता येण्यासारखं होतं. इथून पुढं हात स्थिर हवा, म्हणून हे काम दिवसाउजेडी आणि घाई नसताना करा.

डोक्यातून एक छोटा वाटीसारखा भाग बाहेर येतो. वरच्या बाजूला एलईडीची चकती, खालच्या बाजूला ड्रायव्हर. तो आट्यांवर असतो. न निघाल्यास डोकं गरम पाण्यात बुडवू नका. हेअर ड्रायरनं कोमट करा आणि रबरी कापड धरून फिरवा. चकतीवर + आणि − लिहिलेलं असतं. काही करण्याआधी फोटो काढा: कोणत्या रंगाची वायर कुठं, ते सगळं दिसेल असा.

आता वाटी उलटी करून आत बघा. स्वस्त टॉर्चमध्ये ती पोकळ असते. एलईडीची चकती कडेच्या एक-दीड मिलिमीटरच्या काठावर टेकलेली आणि मध्ये हवा! एलईडीला मिळालेल्या विजेतला निम्म्याहून मोठा हिस्सा उष्णता होतो. ती या काठावरून कशीबशी बॉडीत जाते. चकती तापते, तापली की त्याच करंटला उजेड कमी पडतो आणि एलईडीचं आयुष्यही घटतं.

इथं कोल्हापूरकरांची चैन आहे. व्हर्निअरनं पोकळीचा आतला व्यास आणि खोली मोजली, कागदावर चित्र काढलं आणि शिवाजी उद्यमनगरात एका लेथवाल्याकडे गेलो. त्यांनी तांब्याच्या उरलेल्या सळईतून एक चकती काढून दिली, पोकळीत ठोकून घट्ट बसेल अशी, वायरींसाठी दोन मिलिमीटरची दोन भोकं पाडून. भोकांच्या कडा त्यांनी स्वतःहून मोडून दिल्या, ‘वायर चिरंल नाहीतर’ असं म्हणत. मला ते सुचलं नव्हतं आणि ते फार महत्त्वाचं होतं. उष्णता वाहण्याची क्षमता शुद्ध तांब्याची सुमारे 400, ॲल्युमिनियमच्या नेहमीच्या मिश्रधातूंची 150 ते 200 आणि पितळेची 110-120 वॉट प्रति मीटर-केल्विन. चांदी तांब्याहून थोडी सरस, पण त्या थोड्यासाठी गुजरीतल्या सराफाकडे जायची गरज नाही. तांबं नाही मिळालं तर ॲल्युमिनियम घ्या. भरीव ॲल्युमिनियम पोकळ हवेपेक्षा कितीही चांगलं.

एलईडी निवडताना लुमेनच्या, म्हणजे एकूण उजेडाच्या आकड्याच्या, मागे धावू नका. खिशातल्या टॉर्चला 3.5 मिलिमीटरच्या चौकोनात येणाऱ्या एलईडी बरोबर बसतात: क्रीची एक्सपी-जी2, निचियाची 219सी, सॅमसंगची एलएच351डी. आधीच तांब्याच्या 16 मिलिमीटरच्या चकतीवर बसवलेली मिळाली तर तीच घ्या, मधल्या पॅडखाली इन्सुलेशनचा थर नसलेली. उष्णता थेट तांब्यात उतरते आणि बारीक सोल्डरिंगही वाचतं. सरकत्या भिंगाच्या टॉर्चमध्ये भिंग एलईडीच्या पिवळ्या चौकोनाचंच चित्र लांब पाडतं. चौकोन मोठा असेल तर डाग मोठा पडतो, लांब जात नाही. एकूण उजेड वाढला तरी झोत का पोचत नाही, याचं उत्तर बहुधा इथंच असतं.

आणि रंग. 6500 केल्विनची निळसर पांढरी एलईडी दुकानात लख्ख दिसते. पण शेतात तिच्या उजेडात तपकिरी, मातकट, वाळकं पिवळं सगळं एकाच राखेच्या रंगाचं होतं. काकांसाठी मी 4000 केल्विनची, रंगनिर्देशांक (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, जास्तीत जास्त 100) 90 च्या पुढचा असलेली एलईडी घेतली. त्याच करंटला लक्सचा आकडा थोडा कमी येतो. पण पाचटावर उजेड टाकल्यावर पान वेगळं, माती वेगळी आणि त्यावर हललेलं काही असेल तर ते वेगळं दिसतं. हा सौदा मी दर वेळी करीन. पन्हाळा-पावनखिंडच्या वाटेवर पावसाळ्यात जाणारे धुक्यासाठी कोणता रंग असं विचारतात. तिथं रंगापेक्षा टॉर्च कुठं धरता याला महत्त्व आहे. कपाळाला बांधली तर धुक्यावरून परतलेला उजेड डोळ्यांत येतो. कमरेच्या खाली धरली तर वाट दिसते.

बसवण्याचा क्रम असा. जुन्या वायरी सोडवा. एलईडीची नवी चकती जिच्यावर बसणार त्या तांब्याच्या चकतीची वरची बाजू आधी 400 आणि मग 800 च्या पेपरवर सपाट करा. मल्टिमीटरच्या डायोड मोडमध्ये पिना लावून नवी एलईडी मिणमिणते का बघा. बहुतेक मीटरवर ती दिसते आणि + − ची खात्रीही होते. वायरी पुरेशा लांब असतील तर चकती हवेत असतानाच त्या सोल्डर करा. एकदा तांब्यावर टेकली की तांबं सगळी उष्णता पिऊन टाकतं आणि 25 वॉटचं सोल्डरिंग आयर्न हात टेकतं. मग साबुदाण्याच्या एका दाण्याएवढी हीटसिंक पेस्ट मध्यभागी ठेवून चकती दाबत गोल फिरवा. पेस्ट जास्त झाली तर तीच आड येते, तिचं काम फक्त बारीक खड्डे भरण्याचं आहे.

दाबायचं ते चकतीच्या कडेवर. एलईडीच्या पारदर्शक घुमटाला बोटही लावू नका. पहिल्या वेळी माझी टोकदार पक्कड निसटून घुमटावर गेली. तो मऊ सिलिकॉनचा असतो, सोललेल्या लिचीसारखा निघून आला आणि त्याच्याबरोबर आतली केसासारखी तार तुटली. एलईडी गेली. तेव्हापासून मी घुमटावर पाण्याच्या बाटलीचं झाकण उपडं ठेवून काम करतो.

टॉर्चला रिफ्लेक्टर असेल तर त्याच्या खालच्या कडेचा धातू सोल्डरच्या ठिपक्यांना टेकत नाही ना, हे नक्की बघा. टेकला तर सरळ शॉर्ट. मध्ये प्लास्टिकचा वॉशर किंवा उष्णता सहन करणाऱ्या कॅप्टॉन टेपची चकती घाला. भिंगाची टॉर्च असेल तर फोकस पूर्ण आवळून भिंतीवर बघा. एलईडीच्या चौकोनाच्या कडा स्वच्छ दिसल्या म्हणजे उंची बरोबर बसली.

ड्रायव्हरला किती छेडायचं

ड्रायव्हरवर कॉइल दिसली तर तो व्होल्टेज चढवणारा. नुसता एखादा रेझिस्टर असेल किंवा काहीच नसेल तर थेट जोडणी. तीन पायांच्या एकसारख्या काळ्या चिपा ओळीनं असतील तर बहुधा त्या एएमसी7135. त्यातली प्रत्येक 350 मिलिअँपिअर सोडते: तीन म्हणजे 1050, चार म्हणजे 1400. अशा चिपांचा तयार ड्रायव्हर लिथियम सेलच्या टॉर्चमध्ये बसवणं हा सगळ्यात सरळ मार्ग आहे. सहसा तो 17 मिलिमीटरचा येतो, तेव्हा वाटीचं माप आधी घ्या. एका निकेल सेलवर तो चालत नाही, कारण तो व्होल्टेज चढवत नाही, जादाचं नुसतं उष्णतेत जाळतो.

कॉइलवाल्या काही ड्रायव्हरवर करंट ठरवणारा रेझिस्टर असतो, R200 असं लिहिलेला, म्हणजे 0.2 ओहम. त्याच्या डोक्यावर 1R0 म्हणजे 1 ओहमचा दुसरा बसवला तर जोड 0.167 ओहमची होते आणि करंट सुमारे 20 टक्के वाढतो. इथं थांबा. दुप्पट करायला गेलात तर कॉइल तेवढा करंट पेलत नाही, तापते, आणि सेल रिकामा होतो पण उजेड वाढत नाही.

एवढ्याशा बॉडीला 3 वॉटच्या वर नेऊ नका. 3 व्होल्ट गुणिले 1 अँपिअर म्हणजे तेवढेच. काम झाल्यावर टॉर्च तीन मिनिटं सलग चालवा. डोकं कोमट ते गरम होणं चांगलं, उष्णता बाहेर येते आहे याची ती खूण. एलईडी चांगल्या करंटवर असूनही डोकं थंडगार लागत असेल तर आत पेस्ट किंवा चकती नीट टेकलेली नाही. हातात धरवत नसेल तर करंट कमी करा.

काच आणि रिफ्लेक्टर

ओरखडे पडलेली प्लास्टिकची चकती असेल तर त्याच मापाची काच बसवा. साधी काच सुमारे 92 टक्के उजेड जाऊ देते. रिफ्लेक्टरला मात्र कापड, कापूस, काहीही लावायचं नाही. त्याची चकाकी म्हणजे ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर आहे, एकदा पुसला की कायमचे ओरखडे. धूळ असेल तर रबरी फुग्यानं हवा मारा.

लिथियम सेल वापरणाऱ्यांसाठी

टीपी4056 चं छोटं चार्जिंग बोर्ड सगळीकडे मिळतं, पण ते कारखान्यातून 1 अँपिअरवर लावलेलं येतं. 750 च्या सेलला हे जास्त आहे. बोर्डावरचा 1.2 किलो-ओहमचा रेझिस्टर काढून 2 किलो-ओहमचा लावा, करंट 580 मिलिअँपिअरच्या आसपास येतो. चार्जिंग स्टीलच्या ताटात, नजरेसमोर, गादी-पांघरुणापासून लांब. संपल्यावर मीटरनं बघा, 4.2 व्होल्टच्या वर गेलेला चालत नाही. 2.5 च्या खाली जाऊन पडून राहिलेला, फुगलेला किंवा आवरण फाटलेला सेल पुन्हा चार्ज करायचा नाही. त्याच्या टोकांना टेप लावून ई-कचऱ्यात द्या. मोठ्या टॉर्चसाठी 18650 सेल घेताना 9900 मिलिअँपिअर-तास असं छापलेलं दिसलं तर खाली ठेवा, त्या मापात तेवढं मावतच नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर

2019 च्या पुरात घरोघरी लाईट गेली तेव्हा किती टॉर्च आत पाणी जाऊन बंद पडल्या ते आम्ही पाहिलं. मे महिन्यात एकदा दोन्ही टोकं उघडा. रबरी रिंगा काढून कपड्यानं पुसा, बोटानं ताणून चीर पडली आहे का बघा, सिलिकॉन ग्रीस चोळून परत बसवा. चीर असेल तर त्याच मापाची नवी रिंग हार्डवेअरच्या दुकानात मिळते, जुनी सोबत न्या. बंद करून बादलीत पाच मिनिटं बुडवा, आतली काच धुरकटली नाही तर ठीक. सरकत्या डोक्याची टॉर्च बुडवू नका. ते पुढं-मागं होताना हवा आणि पाणी दोन्ही ओढतं, तिला फक्त नळाखाली धरून बघा. काकांची टॉर्च या परीक्षेत एका बाजूनं पाझरली. रिंग बदलली, रात्रभर तांदळाच्या डब्याशेजारी उघडी वाळू दिली आणि दुसऱ्या दिवशी भरलेल्या दोन सेलसह (एक आत, एक जादा) त्यांच्या सदऱ्याच्या खिशात परत गेली.